कापसाची निर्यातबंदी आणि जागतिक व्यापार करार : वऱ्हाडच्या व्यापाऱ्याचा हिशेब

सोमवार, ५ मार्च २०१२. केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातून कापसाची निर्यात पुढील हुकूम होईपर्यंत बंद झाली. ज्यांनी निर्यातीच्या सौद्यांची रीतसर नोंदणी करून प्रमाणपत्र घेतले होते, त्यांचाही माल रोखण्यात आला. त्या वेळी अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अमरावती या पट्ट्यातील जिनांमध्ये रुईच्या गाठी बांधून तयार होत्या, अंगणात कापसाच्या गंज्या होत्या आणि शेतकऱ्याच्या घरीही शेवटच्या वेचणीचा माल बाकी होता. गावोगाव फिरून खेडा खरेदी करणाऱ्या लहान व्यापाऱ्याने कालच्या भावाने कापूस घेतला होता आणि आज त्याला पुढे घेणारा कोणी उरला नव्हता.

बंदी आठवड्याभरात उठली, पण एक प्रश्न मागे ठेवून गेली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हापासून भारत तिचा सभासद आहे. त्याआधी डंकेल प्रस्तावावर आपल्याकडे गावोगाव सभा झाल्या होत्या, मोर्चे निघाले होते. बाजार खुला करा, बंदी आणि कोटे काढून टाका, हे त्या कराराचे मुख्य सूत्र. मग करारावर सही केलेले सरकार एका कागदाने निर्यात बंद कशी करू शकते? आणि ते बेकायदा असेल, तर त्याचा जाब कोण विचारणार? आपल्या समाजात जिनवाले, अडते, दलाल आहेत, तसेच मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागधारक आहेत आणि गावोगावी गाद्या-रजया भरणारे पिंजारी-मन्सुरी बांधवही आहेत. यातील एकाला बंदीने मार बसतो, तर दुसऱ्याला काही दिवस दिलासा मिळतो. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे.

बंदी कशी आली, कशी गेली

कापसाची निर्यात अडविण्याची ही पहिली वेळ नव्हती. एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रथम कच्च्या कापसावर टनामागे २,५०० रुपये निर्यात शुल्क लावले आणि १९ एप्रिलला निर्यात सौद्यांची नोंदणीच थांबवली. पुढे निर्यात परवान्याखाली गेली. २०१०-११ च्या हंगामासाठी ५५ लाख गाठींची मर्यादा घालण्यात आली. जून २०११ मध्ये आणखी १० लाख गाठींना परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०११ मध्ये निर्यात पुन्हा मोकळी झाली. याच काळात, मार्च २०११ मध्ये, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. जगात इतका भाव असताना आपला माल मात्र कोट्याच्या कुलपात होता. कुलूप उघडले तोवर जगातला भाव निम्म्याच्या आसपास आला होता.

२०१२ च्या बंदीमागे सरकारचा हिशेब असा होता : देशाची गरज भागवून त्या हंगामात निर्यातीला सुमारे ८४ लाख गाठी उरतात, प्रत्यक्षात मार्चच्या सुरुवातीलाच ९४ लाखांच्या आसपास गाठी बाहेर गेल्या आहेत, तेव्हा आता गिरण्यांना कापूस कमी पडेल. वाणिज्य आणि वस्त्रोद्योग ही दोन्ही खाती तेव्हा आनंद शर्मा यांच्याकडे होती. कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारले नसल्याचे सांगून उघड विरोध केला. गुजरातमधूनही विरोध झाला. प्रणव मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाची ९ मार्चला बैठक झाली, ११ मार्चला बंदी उठविण्याची घोषणा झाली आणि १२ मार्चला तशी अधिसूचना निघाली. जुन्या नोंदणीचा माल तपासणीनंतर सोडण्याचे ठरले, नव्या नोंदणीला मे महिना उजाडला.

हंगाम संपला तेव्हा देशातून सुमारे १३० लाख गाठी बाहेर गेल्याचे दिसले. म्हणजे ८४ लाखांचा अंदाज मुळातच कमी होता. गिरण्या काही बंद पडल्या नाहीत. अंदाज चुकला सरकारी कागदावर आणि किंमत मोजली बाजाराने.

ही किंमत किती, ते साध्या हिशेबाने पाहू. एक गाठ १७० किलोची, एक खंडी ३५६ किलोची. शंभर गाठी म्हणजे १७,००० किलो, सुमारे पावणेअठ्ठेचाळीस खंडी. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई धरली, तर शंभर गाठींना ५०० क्विंटल कापूस लागतो. आता रुईचा भाव खंडीमागे फक्त एक हजार रुपयांनी उतरला असे समजा. शंभर गाठींवर ४७,७५० रुपये गेले, कापसाच्या क्विंटलमागे सुमारे ९५ रुपये. खेडा खरेदी करणाऱ्याची सगळी मिळकत क्विंटलमागे याहून कमी असते. मोठा निर्यातदार हा घाव सोसून पुढच्या हंगामात उभा राहतो, पण ज्याने उधारीवर माल घेतला आहे, त्याचे भांडवलच जाते.

करार काय म्हणतो

जागतिक व्यापार संघटनेच्या मुळाशी १९४७ चा गॅट करार आहे, तो १९९४ मध्ये नव्या रूपात स्वीकारला गेला. त्याचे अकरावे कलम आपल्या विषयाचे आहे. त्याचा सरळ अर्थ असा की, कोणताही सभासद देश आयातीवर किंवा निर्यातीवर बंदी, कोटा, परवाना यांसारखे निर्बंध ठेवणार नाही. जकात, कर व शुल्क यांना हे कलम लागू नाही.

या शेवटच्या वाक्यात बरेच काही दडले आहे. दरवाजाला कुलूप लावणे मना आहे, पण दरवाजात नाका उभारून पैसे घेणे मना नाही. म्हणून २०१० मध्ये सरकारने टनामागे २,५०० रुपये शुल्क लावले, त्यात करारभंग नव्हता, पण त्यानंतर दहा दिवसांत नोंदणी थांबवली, तेथे अकरावे कलम आडवे येते. व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही दोहोंत फरक आहे. शुल्क किती ते कळले की भाव ठरवता येतो, सौदा करता येतो. बंदीत भावच ठरत नाही.

कलमाला अपवादही आहेत. त्यांतील तीन आपल्या कामाचे :

पहिला अपवाद कलम ११ मध्येच आहे. अन्नधान्य किंवा देशाला अत्यावश्यक असलेल्या मालाची गंभीर टंचाई असेल, तर ती टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी करता येते.

दुसरा अपवाद विसाव्या कलमात आहे. माणसाचे, प्राण्यांचे, वनस्पतींचे जीवन व आरोग्य यांच्या रक्षणासाठी, तसेच संपुष्टात येणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या जपणुकीसाठी निर्बंध घालता येतात. अट अशी की, ते निमित्त करून एखाद्या देशाशी भेदभाव करू नये किंवा व्यापार रोखण्याचा छुपा डाव खेळू नये. संपत्तीच्या जपणुकीचे कारण दिले, तर देशातील वापरावरही तसेच बंधन हवे.

तिसरा अपवादही विसाव्या कलमातलाच. सरकारने एखाद्या कच्च्या मालाचा देशातील भाव नियोजन करून जगाच्या भावापेक्षा खाली ठेवला असेल, तर देशी कारखान्यांना तो माल पुरावा म्हणून निर्यात रोखता येते. परंतु त्यामुळे त्या कारखान्यांची निर्यात वाढता कामा नये आणि त्यांना जास्तीचे संरक्षणही मिळता कामा नये.

आपली बंदी या कसोटीवर उतरली असती काय

या अपवादांचा अर्थ काय लावायचा, याचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या बंदीच्या जेमतेम पाच आठवडे आधी लागला होता. चीनने बॉक्साइट, कोक, मॅग्नेशियम, जस्त अशा कच्च्या मालाच्या निर्यातीवर कोटे व शुल्क लावले होते. अमेरिका, युरोपीय संघ आणि मेक्सिको यांनी २००९ मध्ये त्याविरुद्ध तक्रार केली. ३० जानेवारी २०१२ रोजी अपील मंडळाने चीनच्या विरोधात निकाल दिला. मंडळाने सांगितले की, ‘तात्पुरती’ म्हणजे येऊन जाणारी अडचण निभावण्यापुरती, मर्यादित काळाची, आणि ‘गंभीर टंचाई’ म्हणजे निर्णायक स्वरूपाची तूट, नुसती ओढाताण नव्हे.

हे माप आपल्या बंदीला लावून पाहा. बंदी आठवडाभरच टिकली, म्हणून ती तात्पुरती होती, असे म्हणता येईल. पण अधिसूचनेत मुदत नव्हती, ‘पुढील हुकुमापर्यंत’ असे शब्द होते. कापूस हा वस्त्रोद्योगाला अत्यावश्यक माल आहे, हेही मान्य होईल. अडचण टंचाईच्या मुद्द्यावर आली असती. साडेतीनशे लाख गाठींच्या आसपास पीक येणाऱ्या देशात, देशी गरज त्याहून बरीच कमी असताना, निर्णायक तूट आहे हे सिद्ध करणे कठीण होते, आणि हंगामाअखेरच्या आकड्यांनी ते आणखी कठीण केले.

गिरण्यांना माल पुरविण्याचा तिसरा अपवादही सुलभ नव्हता. आपल्या सूतगिरण्या देशासाठी कातत होत्या, तशाच निर्यातीसाठीही. कच्चा कापूस आत अडवून सूत बाहेर विकायचे, यालाच करार मनाई करतो. सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. २०१०-११ मध्ये सुताच्या निर्यातीवरही ७२ कोटी किलोची मर्यादा घातली होती आणि ती एप्रिल २०११ मध्ये काढली. मागवाल्यांना त्या मर्यादेने थोडी उसंत मिळाली खरी, पण गिरण्यांकडे सूत साचले आणि त्याच वर्षी कापूस व सूत दोहोंचे भाव कोसळले. महाग सूत घेऊन कापड विणून ठेवलेला मागवाला त्यात सापडला.

सारांश, जिनिव्हात खटला उभा राहिला असता, तर भारताची बाजू लंगडी पडण्याचा संभव अधिक होता. पण खटला उभा राहिलाच नाही.

खटला का झाला नाही

पहिले कारण : जागतिक व्यापार संघटनेत दावा फक्त सरकार करू शकते. अकोटच्या जिनवाल्याला किंवा चीनमधल्या गिरणीला तेथे दार नाही. आपल्याच सरकारच्या हुकुमाविरुद्ध आपला व्यापारी तेथे उभा राहू शकत नाही. त्यासाठी माल घेणाऱ्या देशाच्या सरकारने तक्रार करावी लागते.

दुसरे कारण : त्या काळी आपल्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीन होता. तेथील कापूस संघटनेने नाराजी व्यक्त केली, पण निर्यात निर्बंधांच्या खटल्यात महिन्याभरापूर्वीच हरलेल्या सरकारने दुसऱ्याच्या निर्यातबंदीविरुद्ध फिर्याद करणे सोयीचे नव्हते, असा अंदाज बांधता येतो.

तिसरे कारण सर्वांत मोठे : जिनिव्हाचा न्याय मागील नुकसानीची भरपाई देत नाही. दावा जिंकला, तरी निकाल एवढाच की, चुकीचा नियम यापुढे दुरुस्त करा. खटल्याला दोन-तीन वर्षे लागतात. आठवड्याभराची बंदी तोवर कधीच संपलेली असते. म्हणून छोट्या मुदतीच्या बंद्या करारात बसोत वा न बसोत, सरकारे त्या घालतात आणि निभावून नेतात.

पुढे या व्यवस्थेची ताकद आणखी घटली. अपील मंडळावर नव्या न्यायाधीशांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून ठेवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प झाले. इंडोनेशियाने कच्च्या निकेलच्या निर्यातीवर बंदी घातली, त्याविरुद्ध युरोपीय संघाने दावा केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध गेला. इंडोनेशियाने लगेच अपील केले. अपील ऐकायला मंडळच नसल्याने निकाल लटकला आणि बंदी कायम राहिली.

कच्च्या चामड्याचा धडा

निर्यातबंदीचा विषय आपल्या समाजाच्या दुसऱ्या एका धंद्याशीही जोडलेला आहे. कच्ची कातडी बाहेर जाऊ न देता देशातच कमवावी आणि तयार चामडे, चपला-बूट, पिशव्या निर्यात कराव्यात, हे भारताचे धोरण १९७० च्या दशकापासूनचे. कानपूर, चेन्नई, कोलकाता येथील कारखाने या धोरणावर वाढले. मार्च १९९८ मध्ये युरोपीय समुदायाने याविरुद्ध जिनिव्हात तक्रार नोंदवली. कच्च्या कातड्यांची निर्यात नाकारणे हे अकराव्या कलमाचे उल्लंघन आहे, असा त्यांचा मुद्दा होता. प्रकरण सल्लामसलतीपर्यंत गेले, पुढे न्यायपीठ बसले नाही.

कच्च्या व अर्धवट कमावलेल्या मालावर जबर निर्यात शुल्क लावणे हा दुसरा मार्ग. त्यानेही माल आतच राहतो आणि करारही मोडत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्धतयार चामड्यावरील २० टक्के निर्यात शुल्क काढण्यात आले. यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी : बंदी असो वा शुल्क, कारखानदाराला कच्चा माल स्वस्त मिळतो आणि ती स्वस्ताई गोळा करणाऱ्याच्या पदरातून जाते. कातडी गोळा करून मीठ लावून पाठविणारा अमरावती-अकोल्याचा लहान व्यापारी आणि कापूस विकणारा शेतकरी एकाच ताटात बसलेले आहेत.

कांद्याचेही तसेच. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी काढून ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लावले गेले. शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. कांदा हे अन्न असल्याने करारातील टंचाईच्या अपवादाचा आधार कापसापेक्षा अधिक घेता येतो, पण शेतकऱ्याचा आणि अडत्याचा तोटा त्याने कमी होत नाही.

बंदी उलट बाजूने आली तर

आतापर्यंत निर्यातीचे पाहिले. आयातीच्या बाबतीत हाच करार भारतावर उलटला होता. परकीय चलनाच्या चणचणीचे कारण देऊन भारताने हजारो वस्तूंच्या आयातीवर निर्बंध ठेवले होते. अमेरिकेने त्याविरुद्ध दावा केला आणि १९९९ मध्ये भारत हरला. चलनाची गंगाजळी आता पुरेशी आहे, तेव्हा निर्बंधांचे कारण उरले नाही, असा निकाल आला. १ एप्रिल २००१ रोजी शेवटच्या ७१५ वस्तूंवरील निर्बंध उठले. कुलूप, खेळणी, कटलरी, कापड अशा लहान कारागिरांच्या मालाला परदेशी मालाशी टक्कर द्यावी लागली. यापुढे संरक्षण उरले ते जकातीचे.

जकातही हलती असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के जकात लागली. १४ एप्रिल २०२२ पासून ऑक्टोबर २०२२ अखेरपर्यंत ती माफ होती. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लावली, त्या सुमारास १९ ऑगस्ट २०२५ पासून ती पुन्हा माफ झाली आणि माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन वेळी परदेशी कापूस बिनजकाती येऊ शकत होता. शिवाय ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार २९ डिसेंबर २०२२ पासून वर्षाला ५१,००० टन कापूस जकातीविना येऊ शकतो. यात करारभंग कोठेच नाही. २०२५-२६ साठी हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल ठरला होता, पण खुल्या बाजारातील भावाला वरून दाबणारा हात जकातमाफीचा असतो.

घरातील बंदीला करार विचारत नाही

वऱ्हाडला कापसावरील बंधने नवी नाहीत. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तो देशातील अगदी सुरुवातीच्या बाजार कायद्यांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यात कापूस खरेदीचा हक्क शासनाकडे गेला, खासगी व्यापाऱ्याचा कापसाचा धंदा कायद्याने बंद झाला आणि शेतकऱ्याला राज्याबाहेर माल विकण्याला मनाई झाली. सीमेवर नाके बसले. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की, रात्री गाड्या निघत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याविरुद्ध लढे दिले. २००२ मध्ये खासगी खरेदीला मोकळीक मिळाली, तेव्हा कोठे जिनिंगचा धंदा येथे पुन्हा उभा राहिला. तीस वर्षांची ही बंदी जिनिव्हाच्या कक्षेत येण्यासारखी नव्हती, कारण आंतरराष्ट्रीय करार देशांमधल्या व्यापाराला लागतो. एका राज्याने आपल्याच माणसाला धंदा मना केला, तर त्याचा निवाडा येथेच व्हावा लागतो.

कंपनीला दार आहे, व्यापाऱ्याला नाही

येथे जगातील एक वेगळे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जमिनीखालील खडकात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून वायू काढण्याची एक पद्धत आहे. तिला फ्रॅकिंग म्हणतात. पाणी दूषित होण्याच्या भीतीने फ्रान्सने २०११ मध्ये या पद्धतीवर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने सेंट लॉरेन्स नदीखालील वायूचे परवाने रद्द केले. लोन पाइन नावाच्या कंपनीने उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारातील गुंतवणुकीच्या कलमांचा आधार घेऊन थेट कॅनडा सरकारवर दावा लावला. अनेक वर्षे तो चालला. २०२२ मध्ये लवादाने कंपनीची मागणी फेटाळली, कारण जनहितासाठी असे नियमन करण्याचा सरकारला अधिकार आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी कळतात. पहिली, खऱ्या सार्वजनिक हिताची, सर्वांना सारखी लागू होणारी आणि अभ्यास करून घातलेली बंदी आंतरराष्ट्रीय करारापुढे टिकू शकते. दुसरी, परदेशात पैसा गुंतविणाऱ्या कंपनीला सरकारवर दावा लावण्याचे स्वतंत्र दार करारांनी दिले आहे, पण आपल्याच देशात कापूस घेऊन बसलेल्या व्यापाऱ्याला तसे दार नाही. त्याला सांभाळायचे, तर ते स्वतःच्या कागदपत्रांनी आणि देशाच्या कायद्याने.

व्यापाऱ्याने काय करावे

करार लिहिताना : कापसाचे अनेक परदेशी सौदे लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय कापूस संघटनेच्या नियमांनी होतात. त्या नियमांत सौदा पुरा झाला नाही म्हणून तो रद्द होत नाही, तर बाजारभावातील फरक हिशेबात धरून तो मिटवावा लागतो. सरकारने बंदी घातली, आम्ही काय करणार, एवढे म्हणून सुटका होत नाही. म्हणून सरकारी निर्यातबंदी झाल्यास मुदत किती वाढेल, फरक कोण सोसेल, हे सौद्याच्या कागदावरच लिहून घ्यावे. निर्यातदाराला माल देणाऱ्या स्थानिक जिनवाल्यानेही आपल्या सौद्यात हीच अट घालावी, नाहीतर बंदरावरचा तोटा उलटा फिरून जिनापर्यंत येतो.

पतपत्राची नोंद : विदेश व्यापार धोरणाच्या १.०५ या परिच्छेदात संक्रमणकाळाची तरतूद आहे. बंदीच्या तारखेपूर्वी रद्द न होणारे पतपत्र उघडलेले असेल आणि ते ठरलेल्या मुदतीत महासंचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवले असेल, तर तेवढा माल जाऊ दिला जातो. आपल्यासाठी हे कार्यालय नागपूरला आहे. मात्र अनेक अधिसूचनांत ही सवलत लागू नाही असे लिहिलेले असते. म्हणून अधिसूचना स्वतः वाचावी, बातमीवर भिस्त ठेवू नये.

न्यायालय : निर्यात रोखण्याचा अधिकार केंद्राला १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याने दिला आहे, आणि धोरण शहाणपणाचे होते की नाही, यात न्यायालये सहसा पडत नाहीत. पण मिळालेला हक्क मागील तारखेपासून काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विदेश व्यापाराच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र, पतपत्र, शिपिंग बिल, गाठींच्या याद्या हे सारे तारखांसह जपून ठेवावे. कागद नसेल, तर हक्क असूनही दाखवता येत नाही.

बंदीची चाहूल : २०१२ ची बंदी आकाशातून पडली नव्हती. निर्यातीला उरणाऱ्या गाठींचा सरकारी अंदाज आणि प्रत्यक्ष गेलेल्या गाठी हे दोन आकडे शेजारी ठेवले असते, तर फेब्रुवारीतच धोका दिसत होता. हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर असतो. त्यात दर महिन्याला हे दोन आकडे पाहण्याची सवय लावावी. दोन्ही जवळ आले की, उधारीवर साठा करणे थांबवावे.

मागवाले आणि रजईवाले यांनी : बंदीच्या आठवड्यात रुई स्वस्त होते, म्हणून त्या भावाने पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी घेऊ नयेत. बंदी उठली की भाव फिरतो. ज्याने सूत किंवा रुई हातात घेऊन ठेवली, त्याने त्याच मालापुरती ऑर्डर घ्यावी.

शेतकऱ्याशी व्यवहार : खेडा खरेदीत अर्धे पैसे बाकी असताना बंदी आली, तर दोघेही संकटात येतात. ठरलेला भाव आणि बाकी रक्कम चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बाजार पडला म्हणून शब्द फिरवणाऱ्याकडे पुढच्या वर्षी कोणी कापूस घालत नाही.

मूळ मागणी कोणती

जिनवाला आणि मागवाला या प्रश्नावर एकमेकांसमोर उभे आहेत असे वरवर दिसते. एकाला निर्यात मोकळी हवी, दुसऱ्याला सूत स्वस्त हवे. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. पण २०१० ते २०१२ च्या अनुभवात दोघांनाही मार बसला तो अचानकपणाचा. जिनवाल्याचा माल अडकला आणि मागवाल्याच्या हातात महाग सूत राहिले. म्हणून दोघांची मिळून एक मागणी होऊ शकते : निर्बंध घालायचाच असेल, तर हंगामाच्या सुरुवातीला सांगा, बंदीऐवजी ठरलेले शुल्क लावा, झालेल्या सौद्यांना हात लावू नका आणि मुदत लिहा.

गंमत अशी की, जिनिव्हाचा करारही नेमके हेच मागतो. बंदीपेक्षा शुल्क बरे, निर्बंध तात्पुरता हवा, कारण खरे हवे, भेदभाव नको. आपला व्यापारी तेथे दावा करू शकत नाही, पण सरकारने स्वतः मान्य केलेली ही तत्त्वे त्याला निवेदनात लिहिता येतात, खासदाराला दाखवता येतात आणि व्यापारी संघाच्या बैठकीत मांडता येतात. अमरावती आणि अकोल्याच्या जिनिंग संघटना, बाजार समित्यांतील अडते आणि मालेगाव-भिवंडीचे मागवाले यांनी एकत्र बसून असे एकच निवेदन तयार केले, तर त्याचे वजन वेगवेगळ्या दहा अर्जांपेक्षा निश्चितच जास्त पडेल. ते निवेदन बंदी आल्यानंतर नव्हे, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी दिलेले बरे.